टोरंटोला येताय? घराआधी रस्ते बघा

तुम्ही विचारलंय: टोरंटोत छोटा फ्लॅट घ्यावा की तेवढ्याच भाड्यात शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरात ऐसपैस टाउनहाऊस? सोबत आई-बाबा आहेत आणि ते गाडी चालवत नाहीत. मग स्क्वेअर फूट राहू द्या, आधी रस्ते बघा.

आमच्या आधीच्या घराच्या परसात उभं राहिलं की कुंपणापलीकडे बस थांबलेली दिसायची. पण कुंपणाला फाटक नाही. पुढच्या दाराने निघायचं, वळणावळणाची गल्ली संपवायची, मोठ्या रस्त्याला लागून परत मागे यायचं. जानेवारीत, निसरड्या फुटपाथवरून, सासूबाईंना धरून. दूध आणायलाही गाडीच काढावी लागे.

जुनं टोरंटो ट्रामच्या काळातलं, चौकटीत आखलेलं. एक गल्ली खणलेली असली तर शेजारच्या गल्लीने जा. उत्तरेला मात्र शेतजमिनींच्या मोजणीतले शेपर्ड, फिंच, स्टील्स हे रस्ते साधारण दोन-दोन किलोमीटरवर. १९५०च्या दशकात टोरंटोत डॉन मिल्स ही आखीव वसाहत वसली आणि पुढे अशा चौकोनांच्या पोटात वळणाचे रस्ते, बंद गल्ल्या भरायची पद्धतच पडली. परक्या गाड्या आत नकोत, पोरांना खेळता यावं, हा हेतू. पण चालणाऱ्यांच्याही वाटा बंद झाल्या आणि सगळी रहदारी मोजक्या मोठ्या रस्त्यांवर आली.

पुढेमागे रस्ता जोडतील, या आशेवर राहू नका. प्लॉट विकले गेल्यावर आपल्या अंगणातून वाट कोण देणार? तुम्ही वाकडचे, दोन सोसायट्यांच्या भिंतीत फाटक पाडायचं म्हटलं तर काय होतं ते मी सांगायला नको!

अर्थात ब्रॅम्प्टन सगळं सारखं नाही. तिथल्या ब्रामलिया भागात बंद गल्ल्यांमधून बागांकडे जाणाऱ्या पायवाटा आहेत. (तिथे एका भागातल्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, नवख्या माणसाची पार दैना.) ब्रॅम्प्टनमधल्याच माउंट प्लेझंट या 'गो' (उपनगरी ट्रेन) स्टेशनला लागून असलेली वस्ती तर बरीच नवी, पण शाळा, लायब्ररी, बस, ट्रेन सगळं पायी. तुमचं ऑफिस टोरंटोच्या मुख्य युनियन स्टेशनजवळ असेल तर तिथून थेट ट्रेन आहे.

पत्ता हाती आला की गूगल मॅप्सवर 'चालत' लावून स्टॉप आणि किराणा दुकान बघा. दोन्हीपैकी एकही दहा मिनिटांत नसेल, तर भाड्यात दुसऱ्या गाडीचा खर्च धरा. ब्रॅम्प्टनचा कार इन्शुरन्स ऑन्टारिओतल्या सगळ्यात महागांपैकी आहे, तो आधी विचारा. मग फ्लॅट बहुधा तेवढा महाग वाटणार नाही.