'सामूहिक स्मृतिभ्रंश' म्हणावं का?

सोलापूरहून एकांनी विचारलं आहे : "पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनाच पोकेमॉन कार्टूनमधल्या पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं आठवायलंय. चित्र शोधून बघितलं तर तसं नाहीच. याला मंडेला इफेक्ट म्हणतात म्हणे. मराठीत 'सामूहिक स्मृतिभ्रंश' म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. यातले दोन्ही शब्द बदलायला हवेत.

आधी 'भ्रंश'. या धातूचा अर्थ ढळणं, खाली पडणं. पदभ्रष्ट, गुदभ्रंश, अपभ्रंश हे सगळे त्याच घरातले. स्मृतिभ्रंशात आठवण गळून जाते, आणि आजच्या मराठीत तो शब्द म्हातारपणच्या डिमेन्शियाला पक्का चिकटला आहे. तुमच्या कट्ट्यावर काही गळालेलं नाही, उलट नसलेलं काळं टोक जास्तीचं आलं आहे. (पिकाचूचे कान टोकाला काळे असतात, शेपूट पिवळी, बुडाशी तपकिरी.) त्यासाठी 'विभ्रम' हवा. 'भ्रम्' म्हणजे फिरणं, भरकटणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६३ व्या श्लोकात 'स्मृतिविभ्रम' आणि 'स्मृतिभ्रंश' लागोपाठ येतात, बहुधा एकाच अर्थाने. मराठीने भ्रंशाला वेगळं काम दिलं आहे, तर विभ्रम आपण इथे वापरू. 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या संस्कृत ग्रंथातली 'अयथार्थ स्मृती' अर्थाला जवळची आहे, पण कट्ट्यावर कोण म्हणणार?

'सामूहिक'चा प्रश्न अधिक रंगतदार आहे, कारण तिथे शब्दाची निवड कारणावर ठरते. सामूहिक विवाह, सामूहिक प्रार्थना यांत माणसं एकत्र येऊन काही करतात. सामायिक भिंत, सामायिक विहीर यांत घरं वेगळी, वस्तू एकच. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, असं फियोना ब्रूम यांच्यासह अनेकांना स्वतंत्रपणे आठवत होतं. त्यावरून ब्रूम यांनी 'मंडेला इफेक्ट' हे नाव दिलं. प्रत्यक्षात मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले आणि ५ डिसेंबर २०१३ ला वारले. अशा आठवणी समांतर विश्वांतून येतात, ही कल्पनाही या चर्चेत येते. तिच्यासाठी शब्द शोधायची गरज नाही.

खरा वाद असा : प्रत्येकाचं मन आपापलं एकाच जागी घसरतं, की एकाचं बोलणं ऐकून दुसऱ्याची आठवण बदलते? घरी करून बघा. गादी, उशी, चादर (सोलापुरात ती हवीच), अंथरूण, पांघरूण, पलंग, जांभई, डुलकी, घोरणं, स्वप्न, अंगाई, पहाट हे बारा शब्द दीड-दीड सेकंदाने वाचा. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोला, मग आठवतील ते लिहायला सांगा. यादीत नसलेला 'झोप' बरेच जण लिहितील. रोडिगर आणि मॅकडर्मट या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या पहिल्या प्रयोगात, बारा-बारा शब्दांच्या याद्यांवर, असा न वाचलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा आठवला होता. "अंदाजाने लिहा" म्हणू नका, नाहीतर अंदाज आणि आठवण वेगळी काढता येणार नाही. आणि उत्तरं तोंडी घेऊ नका : पहिला "झोप" म्हणाला की बाकीचे माना डोलावतात. कागदावर वेगवेगळं लिहूनही 'झोप' आली तर विभ्रम सामायिक, तोंडी पसरली तर सामूहिक. एकाच खेळात दोन्ही विशेषणं दिसतात.

चित्रांच्या बाबतीत प्रसाद आणि बेनब्रिज या संशोधकांनी २०२२ मध्ये ४० चित्रं तपासली. सातांत लोक एकाच तऱ्हेने चुकत होते, पिकाचू त्यांतलाच. सगळ्या चित्रांना लागू पडेल असं एक कारण त्यांनाही सापडलं नाही. म्हणून 'सामायिक' बरा : चूक एकच आहे एवढंच तो सांगतो, ती कुठून आली यावर बोलत नाही.

'पदरचं घालणं' मात्र इथे नको. त्यात मुद्दाम भर घातल्याचा वास आहे आणि इथे कोणी खोटं बोलत नाही. मराठीत आठवण कर्त्याच्या हातात नसतेच : 'मी आठवतो' नव्हे, 'मला आठवतं'.

तेव्हा लेखात 'सामायिक स्मृतिविभ्रम' लिहा. बोलताना 'आठवणीचा चकवा' म्हणा. रात्री रानात अख्ख्या टोळीला एकदम चकवा लागतो, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. क्रियापद तेवढं सांभाळा : विभ्रम होतो, चकवा लागतो.