जुन्या वर्डप्रेस ब्लॉगवर कोणते प्लगइन टाकावे? वाचक खेड्यातले, नेट कमजोर

यवतमाळ-वर्ध्याकडचा वाचक शेतातून, दोन काड्यांच्या रेंजवर मोबाइलवरच वाचतो. कपाशी-सोयाबीनच्या ब्लॉगला चार प्लगइन भरपूर झाले.

सगळ्यात आधी बॅकअप. अपड्राफ्टप्लस टाका, गूगल ड्राइव्ह जोडा, डेटाबेस रोज अन् फाइली आठवड्याला असं वेळापत्रक ठेवा. एकदा हातानं बॅकअप घेऊन फाइल ड्राइव्हवर खरंच पोचली का ते पाहा. तोवर दुसऱ्या कशाला हात लावू नका.

मग कॅशे, म्हणजे तयार पानाची प्रत साठवून तीच पटकन दाखवणं. होस्टिंगचा सर्व्हर लाइटस्पीड असेल तर लाइटस्पीड कॅशे, नाहीतर डब्ल्यूपी सुपर कॅशे. दोन्ही एकत्र कधीच नको. दोघंही पानं आपापली साठवतात. एक साफ केलं तरी दुसरं जुनंच पान दाखवतं, अन् वाचकाला कापसाचा कालचाच भाव दिसतो. जुनं काढूनच नवं टाका.

मोबाइलचा फोटो सहज 4-5 एमबीचा असतो. ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू इमेज ऑप्टिमायझरमध्ये कमाल रुंदी 1200 पिक्सेल करा, जुने फोटो बल्क ऑप्टिमाइझनं आटपा. लेझी लोडचं, म्हणजे फोटो स्क्रीनवर यायच्या वेळीच उतरवण्याचं, वेगळं प्लगइन नको, ते 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे. स्पॅमसाठी अँटिस्पॅम बी. त्याला की (नोंदणी करून मिळणारा कोड) लागत नाही.

प्लगइन निवडताना शेवटचं अपडेट कधीचं ते बघा. वर्षभर हललेलं नसेल तर सोडा. एका वेळी एकच टाका. साइट पांढरी पडली तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्स फोल्डरातल्या त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद पडतं.