नगरसेवक राज्यसभेचा खासदार होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. पण आपल्या नागपुरात बरेच जण राज्यसभा आणि विधान परिषद यांत गल्लत करतात. नगरसेवक मतदान करतात ते विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात. 2021 मध्ये बावनकुळे तिथूनच निवडून आले. राज्यसभेसाठी मतं फक्त विधानसभेवर निवडून आलेल्या आमदारांची. म्हणजे वॉर्डात तुमची कितीही पकड असो, शेवटी पक्षानं तुमचं नाव पुढे करावं लागतं.

महाराष्ट्राच्या जागा 19, मुदत 6 वर्षं, वयाची अट किमान 30. सहा जागांची निवडणूक असेल आणि सगळ्या 288 आमदारांनी मत दिलं तर विजयाचा कोटा साधारण 42 मतांचा. आमदार निवडणूक अधिकाऱ्यानं दिलेल्या जांभळ्या पेनानंच 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो आणि मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. 2003 पासून हे मतदान असं खुलं आहे. मला स्वतःला हे पटत नाही. पक्षाची पकड त्यामुळे फारच घट्ट होते.

जवळचं उदाहरण प्रफुल्ल पटेलांचं. 1985 मध्ये गोंदियाचे नगराध्यक्ष, 1991 मध्ये लोकसभा, 2000 मध्ये राज्यसभा. नागपूरचे डॉ. विकास महात्मे मात्र नेत्रशल्यचिकित्सक म्हणून नावाजले आणि 2016 मध्ये राज्यसभेत गेले. तेव्हा नगरसेवकपद ही पायरी आहे, पण एकमेव नाही. तुमच्या नगरसेवकाला खरंच तिथवर जायचं असेल, तर त्यानं आधी विधानसभा लढवावी, हे माझं प्रामाणिक मत.