शैवालाचा चिकटा म्हणजे फ्यूकॉयडन नव्हे

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या खडकांवरून आणलेल्या सरगॅसम या तपकिरी समुद्री शैवालाची पूड पाण्यात उकळून गाळली आणि त्या पाण्यात स्पिरिट ओतलं. दोऱ्यांसारखा भरपूर चिकट साका आला. रक्त गोठू न देणारं फ्यूकॉयडन (तपकिरी शैवालातली, सल्फेट असलेली शर्करेची लांब साखळी) हेच का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी)

उत्तर : बहुतेक अल्जिनेट, म्हणजे याच शैवालातला दुसरा चिकट पदार्थ. साका थोड्या पाण्यात विरघळवून त्याचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या २ टक्के द्रावणात सोडा. साबुदाण्यासारखी गोळी जमली तर खात्रीच. फ्यूकॉयडनची अशी गोळी होत नाही.

फ्यूकॉयडन हवं तर अल्जिनेट कॅल्शियमनं घट्ट करून चोथ्यातच अडकवायचं. शैवाल गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. १० ग्रॅम पूड ८५ टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर ढवळत ठेवा, रंग उतरेल. मग कॅल्शियम क्लोराइडचं २ टक्के द्रावण २०० मिलि, ८५ अंश सेल्सियस, २ तास. गाळलेल्या दर १०० मिलिमध्ये ९५ टक्के इथेनॉल ४६ मिलि घाला, म्हणजे इथेनॉलचं प्रमाण ३० टक्के होतं. उरलंसुरलं अल्जिनेट बसेल, ते सेंट्रिफ्यूज करून टाकून द्या. वरच्या निवळीत तेच इथेनॉल आणखी २३४ मिलि घालून ७० टक्के करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. खाली बसतं ते फ्यूकॉयडन. अर्धा ग्रॅम मिळालं तरी छान.

काही जण कॅल्शियम क्लोराइडऐवजी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते उकळू नका. फ्यूकॉयडनची साखळी तुटते, सल्फेट गळतं. सगळी करामत या ऋणभारित सल्फेटचीच, अँटिथ्रॉम्बिन आणि हेपॅरिन कोफॅक्टर-२ ही रक्तातली गुठळी रोखणारी प्रथिनं त्यालाच धरतात.

डायलिसिस (द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून क्षार बाहेर जाऊ देणं) टाळू नका : आधी मिठाच्या पाण्यात, नंतर दोन दिवस ऊर्ध्वपातित पाणी बदलत. एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीचा प्लाझ्मा सायट्रेटनं कॅल्शियम बांधून ठेवलेला असतो. नमुन्यात कॅल्शियम उरलं तर ते गुठळीचा वेळ बिघडवतं आणि दोष बिचाऱ्या फ्यूकॉयडनवर येतो. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट उरलं तर सल्फेट मोजायची बेरियमची चाचणीही फसवी.

प्रश्न : वडील वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेतात. शैवालाची पूड दिली तर गोळी कमी करता येईल?

उत्तर : नाही. फ्यूकॉयडनचे एवढे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं दुसरं औषध इंजेक्शननंच देतात ते याचमुळे. उलट शैवालातलं के जीवनसत्त्व वॉर्फरिनच्या विरुद्ध काम करतं. सरगॅसम आर्सेनिकही साठवतं. आधीच पूड सुरू केली असेल तर डॉक्टरांना सांगून आयएनआर (वॉर्फरिनचा परिणाम मोजणारी रक्तचाचणी) तपासून घ्या.