रेकॉर्डिंग मध्येच का थांबतं? कॅमेऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न : ३२ जीबीच्या कार्डावर एकच भाषण ४-४ जीबीच्या तुकड्यांत येतं. दोष आहे का?

नाही. त्या कार्डाच्या फॅट३२ या फाइली साठवण्याच्या रचनेत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. सगळं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, फाइलींची नावं बदलू नका.

प्रश्न : कार्डावर ३०० एमबी छापलंय, तरी ४०० एमबीपीएसवर रेकॉर्डिंग काही सेकंदांत बंद पडतं. दुकानदार म्हणतो, कॅमेराच बिघडलाय.

ऐकू नका. हाच प्रश्न सारखा येतो आणि मूळ बहुतेक वेळा त्या ठळक छापलेल्या आकड्यात असतं. तो वाचण्याचा वेग, तोही कमाल. ग्राहकाला भुलवायला तो मोठा छापतात. कॅमेऱ्याला हवा असतो लिहिण्याचा सतत टिकणारा किमान वेग. तो ‘व्ही’पुढे बारीक छापलेला असतो : व्ही३० म्हणजे सेकंदाला ३० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०.

आता मेनूतले ४०० पाहा. ते मेगाबिट आहेत. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबाइट. व्ही३० तिथे दमणारच. सुरुवातीची सेकंदं बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, निभावून नेतो, तो भरला की रेकॉर्डिंग थांबतं. कार्ड उलटं करून बघा : सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी असतील तर ते यूएचएस-२, म्हणजे जास्त वेगाच्या जोडणीचं कार्ड. कॅमेऱ्याचा स्लॉटही तसाच हवा, नाहीतर दुसरी ओळ वाया.

व्ही६० असूनही थांबत असेल, तर कार्ड बनावट असू शकतं. रिकामं करून एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं काठोकाठ भरून तपासा. नवं घेण्याआधी कॅमेरा कंपनीची मान्य कार्डांची यादी बघा.

प्रश्न : बाहेरचा रेकॉर्डर घ्यावा का?

आधी तुमचा कॅमेरा एचडीएमआयमधून स्क्रीनवरची अक्षरं वगळून १०-बिट ४:२:२ (रंगांचा जास्त तपशील असलेलं) चित्र देतो का, ते पाहा. ८-बिटच देत असेल तर रेकॉर्डर रंग वाढवून देणार नाही. फुल एचडी, ३० फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू या रेकॉर्डिंगच्या फॉरमॅटमध्ये चित्रण तासाला सुमारे १०० जीबी खातं. मायक्रो एचडीएमआयचं तोंड नाजूक असतं, ओढ बसली की सैल होतं. केबलला क्लॅम्प लावाच. जोडणी करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : पुढच्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ४के येणार असं ऐकलंय. कॅमेरा आत्ता घेऊ?

ऐकीव गोष्टीवर नको. फर्मवेअरनं लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारायला सोपं पडणारं फिकं चित्र), वेव्हफॉर्म (उजेड दाखवणारा आलेख) मिळू शकतं. सेन्सरचा मूळ वेग आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय त्यानं बदलत नाही. कंपनीनं लेखी जाहीर केलंय का, ते विक्रेत्याला विचारा.

प्रश्न : महिन्यापूर्वी चुकून कार्ड फॉरमॅट झालं. नंतर त्यावरच थोडं शूट केलं. जुनं मिळेल?

महिनाभर थांबायला नको होतं! नवं जिथे लिहिलं गेलं, तिथलं जुनं गेलं. उरलेलं मिळू शकतं. कार्ड आत्ता काढा, बाजूचं लॉक लावा, फुकटची सॉफ्टवेअर चालवू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे आजच द्या आणि नंतर किती मिनिटं शूट केलं तेही सांगा.