बाईंना विचारा : निरोपाच्या भाषणात तिचं नाव घेऊ का?

प्रश्न : नमस्कार बाई. मी दहावीत आहे, आष्टी तालुक्यात. फेब्रुवारीत आमचा निरोप समारंभ आहे आणि मुलांच्या वतीनं मनोगत मला करायचंय. दोन पानं लिहिली, सोबत पाठवते. सरांना आवडली, पण मला ती दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखी वाटतात. दुसरं म्हणजे, पाचवीपासून माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण नववीच्या दिवाळीनंतर आईवडलांबरोबर ऊसतोडीला गेली, ती शाळेत परत आलीच नाही. तिचं नाव घ्यावं असं मला वाटतं. सर म्हणाले, आनंदाच्या कार्यक्रमात तो विषय नको. काय करू?
ता. क. सातवीत तालुक्याला खो-खोत आम्ही जिंकलो ते तिच्यामुळं. तिनं सूर मारून शेवटचा गडी टिपला आणि गुडघा फोडून घेतला.

उत्तर : दोन्ही पानं वाचली गं. शाळा हे मंदिर, शिक्षक कुंभार, तुम्ही मातीचे गोळे, आणि शेवटी घरट्यातून उडालेली पाखरं. ही पाखरं मी नोकरीभर दर फेब्रुवारीत उडताना पाहिली, आता त्यांना जरा बसू दे. भाषण वाईट नाही. पण ते परळीच्या पोरीनं केलं काय आणि पनवेलच्या पोरानं केलं काय, एक अक्षर बदलावं लागणार नाही. तुला खुपतंय ते हेच.

कार्यालयात जा आणि तुमच्या पाचवीचा हजेरीपट बघायला माग. जुने हजेरीपट गठ्ठा बांधून कपाटात ठेवलेले असतात. क्लार्क आधी कुरकुरतील, मग स्वतःच धूळ झटकून देतील. जून महिन्याचं पान काढ आणि नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. त्यानंतर नववीचं डिसेंबरचं पान. काही नावांपुढं गैरहजेरीच्या खुणांची सलग रांग दिसेल आणि पुढच्या एखाद्या महिन्यात त्या नावावर लाल शाईची रेघ. शाळेच्या भाषेत याला ‘पटावरून कमी करणे’ म्हणतात. मीही अशा रेघा ओढल्या आहेत, पट्टी ठेवून, सरळ.

निरोपाच्या दिवशी तुम्ही फेटे बांधून आणि आयांच्या साड्या नेसून फोटोला उभ्या राहाल, तेव्हा मागे बघून ‘आमचा वर्ग’ म्हणताना कोणता हजेरीपट धरायचा, पाचवीचा की दहावीचा, हे आधी ठरव. तुझं भाषण त्यातच आहे.

आपल्या भागात हे का होतं, ते तुला मी काय सांगणार! दसरा-दिवाळी झाली की गावं ओस पडतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, साखर कारखान्यावर जातो आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाही. धाकट्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह निघतं. शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. दुपारची खिचडीसुद्धा आठवीपर्यंतच. पोरगी नववीत गेली की हे सगळे आधार एकदम सुटतात, आणि नेमकी त्याच वयात ती मोळ्या बांधायला, कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर, भाकरी थापायला उपयोगी पडू लागते. मी नववीची वर्गशिक्षिका असताना जूनच्या पहिल्या आठवड्यात काही मुली सवयीनं ताट घेऊन खिचडीच्या रांगेत उभ्या राहायच्या. आठवीची पोरं फिदीफिदी हसायची. वाढणाऱ्या मावशी कुणाची इयत्ता न विचारता डाव रिकामा करायच्या. तपासणीत पटसंख्या आणि तांदूळ यांचा मेळ बसेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक.

आता सरांचं. ते दुष्टपणानं बोलले नाहीत. समोर पाहुणे असणार, पालक असणार, आणि तू माइकवर रडायला लागलीस तर तुला सावरायचं कुणी, ही त्यांची काळजी. म्हणून रडवू नकोस. ‘बिचारी’ नको, ‘परिस्थितीपुढे हतबल’ नको. ती काय होती ते सोड, तिनं काय केलं ते सांग. ता. क. म्हणून शेवटी जे खरडलंयस ना, ते तुझ्या दोन पानांपेक्षा भारी आहे. सुरुवात तिथूनच कर : मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर जी खो-खोची ढाल आहे, ती कुणाच्या फुटलेल्या गुडघ्यामुळं आली. मग बाकीच्यांवर ये. कोण रोज हापशावरून पाणी आणायचं, कुणी शिपाईमामांची घंटा लपवली, हे तुम्हालाच माहीत. एकेकाला एकेक वाक्य दे, आणि ते असं हवं की समोर बसलेल्या पोराला आपलंच नाव येणार हे आधीच कळावं. चार मिनिटांत संपव. पाचव्या मिनिटाला नववीच्या पोरांचं लक्ष पावभाजीच्या पातेल्याकडं जातं.

पण त्याआधी तिला फोन कर. फड उरकून कोपीवर आल्यावर, रात्री. स्टेजवरून नाव घेतलेलं चालेल का, असं सरळ विचार. नको म्हणाली तर नको, मग ढालीपाशी थांब आणि पुढं सरक. हो म्हणाली तर सरांना जाऊन सांग की परवानगी आहे आणि रडारड नाही. बहुतेक ते हो म्हणतील.

आणि फोन केलाच आहेस तर 17 नंबरच्या फॉर्मचंही बोल. शाळा सुटलेल्यांना तो फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. अर्ज ऑनलाइन असतो, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करतं. ती मुदत नेमकी कोयते परत निघायच्या वेळी पडली तर फोनवरून कुणी धावपळ करायची, ते आताच ठरवा. वर्गशिक्षकांना सोबत घे. तिच्या लग्नाची बोलणी कानावर आली आणि ती अठराची नसेल, तर भाषणबिषण बाजूला ठेव आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लाव. हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत सहशिक्षिका आहे. आमच्याकडं निरोपाच्या दिवशी शेलापागोटे, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या निनावी चिठ्ठ्या, वाचण्याची पद्धत आहे. गेल्या वर्षी एका मुलीच्या रंगावरून चिठ्ठी निघाली, सगळे हसले, आणि ती उठून घरी गेली. ग्रुप फोटोत ती नाही. मुख्याध्यापक म्हणतात, यंदा हा प्रकारच बंद. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

उत्तर : बंद करू नका. पाच-सहा वर्षं एकमेकांना बघून पोरांनी जे टिपलेलं असतं, ते बाहेर यायला याच्याइतकी चांगली जागा नाही. भाषणात कुणी खरं बोलत नाही, शेलापागोट्यात बोलतात.

घोळ खोक्यात आहे. निनावी चिठ्ठ्या खोक्यात टाकायच्या आणि थेट स्टेजवर उघडायच्या, म्हणजे ज्याला वर्षभराचा राग काढायचा आहे त्याला आयतं व्यासपीठ. चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याचं नाव सक्तीचं करा. वाचताना ते सांगायचं नाही, पण तुमच्याकडं राहील. नाव लिहायचं म्हटलं की निम्मा विखार आपोआप गळतो. आदल्या दिवशी तुम्ही आणि वर्गातली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, बसून सगळ्या चिठ्ठ्या चाळा. निकष एकच ठेवा : माणूस जे करतो त्यावर लिहा, जन्मानं जे मिळालं त्यावर नाही. रंग, उंची, जात, आडनाव, तोतरेपणा, बापाचा धंदा बाद. रोज उशिरा येणं, डबा चोरणं, गणिताच्या तासाला पोट दुखणं, यावर हवं तितकं. नमुन्याला एक देते, आमच्या शाळेत एका कायम उशिरा येणाऱ्या महाशयांना मिळालं होतं :

एसटी रोज पंक्चर होते, कारण याचं तयार,
सायकलवरून येतो आपण, हे कुणाला सांगणार!

तो स्वतः सगळ्यात जास्त हसला. शिक्षकांनाही द्यायला लावा, आणि पहिला मान मुख्याध्यापकांना. त्यांची हरकत तिथंच मावळेल.

राहिली ती मुलगी. तिच्या घरी जा. शाळेचा कागद, गुणपत्रिका, काहीतरी निमित्त काढून जा, आणि तिच्यासमोर तिच्या आईला सांगा की शाळेचं चुकलं. चिठ्ठी लिहिणारा सापडो न सापडो, ती वाचली शाळेच्या माइकवरून.

प्रश्न : आम्ही 2020 ची दहावीची बॅच, तालुका पाटोदा. आमचा सेंड-ऑफ झाला, पण 23 मार्चचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळं आधी पुढं गेला आणि मग रद्द झाला. शेवटचा पेपर टाकून बोंबलत बाहेर पडायचं राहिलं ते राहिलंच. आता बरेच जण पुण्यात कंपनीत आहेत, काही कारखान्यावर. दिवाळीत एकत्र यायचं ठरतंय. काही सुचवाल?

उत्तर : मी जन्मभर भूगोल शिकवला. राज्यभरातल्या पोरांना माझ्या विषयाचा पेपर न देता इतर विषयांच्या सरासरीनं गुण मिळाले, याचा राग माझ्या मनात अजून आहे, त्यामुळं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पहिली गोष्ट, दिवाळी नको. दिवाळीत पुण्याची मंडळी घरी येतात हे खरं, पण ज्यांना तुम्ही ‘काही कारखान्यावर’ म्हणून एका ओळीत उरकलंत, ते तेव्हा ट्रकमध्ये सामान चढवत असतात किंवा निघूनही गेलेले असतात. तुमच्याच वर्षी कितीतरी कोयते लॉकडाऊनमध्ये कारखान्यांवर अडकले आणि एप्रिलच्या मध्यानंतर परवानगी मिळाल्यावर घरी आले. तुमच्यातल्या काहींचे आईबाप त्यात असणार. गुढीपाडवा होऊ द्या, पट्टा पडू द्या, एप्रिल-मेमधला एखादा रविवार धरा. पुणेकरांना रजा मिळते, फडातल्या माणसाला मिळत नाही. लग्नाची तिथी तेवढी टाळा, नाहीतर निम्मे वरातीत असतील.

वर्गणी माणशी सारखी लावू नका. जमेल तशी घ्या, आणि कुणी किती दिले याची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. टी-शर्ट छापण्यात पैसे घालवू नका. शाळेला काही द्यायचंच असेल तर भिंतीवरचं घड्याळ सोडून काहीही द्या. दरवर्षीच्या बॅचनं दिलेली घड्याळं आमच्या शाळेत स्टाफरूमपासून जिन्यापर्यंत टांगलेली होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

राहिलेला पेपर मात्र होऊ द्या. मला बोलवा, मी काढते. 40 गुणांचा, वेळ दोन तास, बाकावर एकाआड एक बसायचं, कॉपी सापडली तर पालकांना बोलावणार. पहिला प्रश्न आत्ताच फोडते : महाराष्ट्राच्या आराखड्यात वर्गातला प्रत्येक जण सध्या कुठं आहे ते दाखवा, कर्नाटकातल्या कारखान्यांवर असलेल्यांसाठी समासात जागा सोडा. रंगीत पेन्सिली घेऊन या, आणि सूची दिली नाही तर निम्मे गुण कापीन.