घरच्या भाकरीचं पीठ मोजून न्या

प्रश्न : माझं वय ५४. दीड महिन्यापूर्वी मधुमेह निघाला, एचबीएवनसी (साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ७.८ आलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ‘एकदा डाएटिशियनला भेटून या’ म्हणाले. मला धास्तीच बसली आहे. माझ्या नणंदेला एका ठिकाणी छापील कागद दिला होता, त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल. आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असते, थोडा भात असतो, आणि मी महिन्याच्या दोन्ही एकादश्या करते. हे सगळं सोडायला लावतील का? तिथे नेमकं विचारतात तरी काय? मुलगा म्हणतो, मोबाइलवर एक कोच आहे, तो पावडर देतो, तीच घे.
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, भाकरी सोडावी लागणार नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

पहिली भेट बहुतेक बोलण्यातच जाते. पाऊण तास, कधी तासभर. वजन, उंची आणि कंबरेचा घेर घेतात. आपल्याकडच्या बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की आम्ही आहारतज्ज्ञ लक्ष घालतो, वजन फार नसलं तरी. मग विचारतील, ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं?’ इथेच बहुतेक जणी अडखळतात. कालचं न सांगता ‘जे खायला हवं होतं’ ते सांगतात. चहा दोन कप म्हणतात, आणि शेजारीण आली तेव्हाचा, दुपारी उठल्यावरचा, देवळातून आल्यावरचा राहून जातो. दोन चमचे साखरेचे चार चहा झाले तर दिवसाची साखर जवळजवळ ४० ग्रॅम होते. एका माणसाची, महिन्याला सव्वा किलो. हे तुम्हाला रागवायला नाही हो विचारत. जे पोटात जातं ते कळलंच नाही तर कमी काय करायचं आणि वाढवायचं काय, हे कुणाला सांगता येणार?

मला हे एका मावशींनी शिकवलं. मी नोकरीत नवी होते. त्या शेतात मजुरीला जायच्या. कागदावर लिहून दिलं होतं, ‘दोन वेळा दोन-दोन भाकऱ्या’. तीन महिने झाले तरी साखर हलेना. ‘तुम्ही पथ्य पाळत नाही,’ असं मी जरा चढ्या आवाजात बोलले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला पदराची गाठ सोडून त्यांनी एक पुडी टेबलावर ठेवली. ‘हे एका भाकरीचं पीठ. मोजा.’ काट्यावर ठेवली तर ११५ ग्रॅम. मी हिशेबात धरलेली भाकरी होती ५० ग्रॅम पिठाची. त्या दोनच खात होत्या, अगदी सांगितल्याप्रमाणे. चुकलं होतं माझं. मी कधी विचारलंच नव्हतं की तुमची भाकरी केवढी असते.

म्हणून तुम्हालाही सांगते, घरची आमटीची वाटी आणि भाताचा डाव पिशवीत घालून न्या, एका भाकरीला किती पीठ लागतं ते मोजून न्या. लाज वाटू देऊ नका. आणि ज्वारीला साखर नसते हा समज काढून टाका. ज्वारीच्या पिठातही १०० ग्रॅममागे ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, आणि पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. भाकरी चांगलीच, पण ती केवढी आणि तिच्याबरोबर ताटात काय, यावर सगळं अवलंबून. बऱ्याचदा मी भाकरी एकने कमी करते आणि त्या जागी घट्ट वरण, मटकीची उसळ किंवा पातीच्या कांद्याची पीठ पेरून भाजी वाढवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. आपल्या ताटात बहुधा उलटं असतं, भाकरीचा ढीग आणि भाजी तोंडी लावण्यापुरती.

तेलाचंही विचारतील. ‘कमीच वापरतो’ हे उत्तर उपयोगाचं नाही. डबा कधी आणला आणि कधी संपला ते सांगा. ५ लिटरचा डबा चार माणसांत महिन्याला संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास तेल पडतं. त्याच सूचनांमध्ये २७ ग्रॅम धरलं आहे.

एकादशीचं तर स्वतःहून सांगाच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच. त्याऐवजी भगर थोडी, दाण्याची आमटी, ताक, दुधी-भोपळ्याची भाजी असं बसवता येतं. पण खरी काळजी गोळ्यांची आहे. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर पोट रिकामं राहिलं तर साखर झपकन खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. तुमच्या गोळ्या त्यातल्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपवास करू नका. गोळी मनाने कमी करू नका, आणि आहारतज्ज्ञाने ती बंद करायला सांगितली तर ऐकू नका, तो अधिकार डॉक्टरांचा.

बरोबर गोळ्यांची पाकिटं आणि सगळे रिपोर्ट न्या. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, विशेषकरून. मूत्रपिंडावर परिणाम असेल तर प्रथिनांचा हिशेब बदलतो. मुलगा सांगतो त्या पावडरीला माझा विरोध आहे तो त्यासाठीच. तुमचा रिपोर्ट न बघता, गोळी न विचारता जो डबा पाठवतो, त्याला तुमच्या शरीराचं काय माहीत?

आहारतज्ज्ञ नोंदणीकृत आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. पोषणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातला उमेदवारीचा काळ आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा, एवढं केलेल्यांना नावापुढे ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) लावता येतं. त्यांचा नोंदणी क्रमांक असतो. खरी व्यक्ती तो आनंदाने सांगते.

पहिल्याच दिवशी पूर्ण आठवड्याचा तक्ता हाती पडेलच असं नाही. मी बहुधा दोनच बदल देते. तीन आठवड्यांनी परत बोलावते, घरात काय जमलं आणि काय नाही ते ऐकते, मग पुढचं. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे तो आकडा तीन महिन्यांनीच पुन्हा बघायचा. आधी बघून जीव खाली-वर करू नका. आणि पुन्हा जाल तेव्हा ‘हे मला जमलं नाही’ असं सरळ सांगा, आम्हाला त्यावरूनच पुढचं ठरवता येतं. नणंदेसारखा ओट्सचा कागद मिळाला तर तिथेच म्हणा, ‘हे आमच्याकडे होत नाही, भाकरीत बसवून द्या.’ तरीही बसवून देणार नसतील तर दुसरीकडे जा.

घरात स्वयंपाक सूनबाई करत असतील तर त्यांनाही बरोबर न्या. पीठ, मीठ, तेल त्यांच्या हातचं आहे, आणि प्रश्न त्यांनाही असतील.